व्याज मोजणाऱ्या बायका

सातारा जिल्ह्यात खटाव-माणच्या बाजूला गावात शिरून चार घरं फिरलं, की एका तरी घरात भिंतीवर गणवेशातला फोटो दिसतो. फोटोला हार असला, तर आम्ही आधी त्या माणसाबद्दल बोलतो. कुठली पलटण, कुठं होते, सुट्टीवर शेवटचे कधी आले. मग चहा होतो, आणि त्यानंतर घरातली बाई कॉटखालून काळी लोखंडी ट्रंक ओढते. ट्रंकही पलटणीतूनच आलेली असते. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, पदकं, जुन्या मनीऑर्डरींच्या पावत्या. पासबुक मात्र बहुतेक वेळा त्यात नसतं. ते दिराकडे असतं, सासऱ्याकडे असतं, नाहीतर ‘थोरल्याकडं हाय’.

बचत गटांच्या कामात मी महिला आर्थिक विकास महामंडळाची, म्हणजे माविमची, सहयोगिनी म्हणून आले. पुढे प्रशिक्षक झाले आणि सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत हिंडले. माण, खटाव, आटपाडी, जत, खानापूर. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम कर्जाचं वाटतं. गरीब बाईकडे भांडवल नाही, ते द्या, ती शेळी घेईल, शिलाई मशीन घेईल, घर वर येईल. मला इतक्या वर्षांत दिसलं ते जरा निराळं आहे. पैसा या बायकांच्या घरात येतच होता. पेन्शनचा येत होता, मनीऑर्डरीचा येत होता, दुधाचा आणि रोजगाराचा येत होता. तो मोजायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, आणि मोजता येऊ नये याची तजवीज घरापासून बँकेपर्यंत सगळ्यांनी केलेली होती. म्हणून मी हिशेबाला कर्जाच्या आधी ठेवते. ज्या गटात हिशेब आधी आला तिथे कर्जाने बाईचं भलं केलं, आणि जिथे कर्ज आधी आलं तिथे बाई अडकली. हे मी दोन्ही जिल्ह्यांत पाहिलं आहे.

पलटणीची ओढ या मातीत उगीच आलेली नाही. सह्याद्री सगळा पाऊस महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला पाडून घेतो आणि दहिवडी-म्हसवडच्या वाट्याला कोरडे ढग येतात. इथल्या पोराला पोटासाठी गाव सोडावंच लागतं. पाटण-जावळीचा माणूस मुंबईला माथाडी झाला, विटा-आटपाडीचा सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगला, कुणी गिरणीत गेला आणि पुष्कळ जण फौजेत भरती झाले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांचा स्तंभ गावात उभा आहे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यात निघालं, त्यालाही हीच पार्श्वभूमी. या सगळ्याचा अभिमान मलाही आहे. पण गेलेल्या माणसाच्या मागे शेत, म्हातारी माणसं, जनावरं आणि लहान पोरं कोणी सांभाळली, याचा स्तंभ कुठे नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर फौज कमी केली आणि हजारो शिपाई घरी परतले. त्यांतल्या कितीतरी जणांना पेन्शन नव्हती. नवरा आफ्रिकेत, इटलीत लढून आलेला, आणि बायको दुसऱ्याच्या बांधाला खुरपायला, अशी आयुष्यं या भागात निघाली. फार वर्षांनी राज्य सरकारने पेन्शन नसलेल्या त्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मानधन सुरू केलं, तेव्हा अनेकींची नजर गेलेली होती, अंगठ्याच्या रेषा पुसल्या होत्या. मशिनवर ठसा उमटेना म्हणून परत पाठवलेल्या आजीला हाताला धरून पुन्हा त्याच खिडकीवर नेणं, हेही बचत गटाचं काम होऊन बसलं.

युद्धातल्या विधवेचं दुःख सगळ्यांना दिसतं. तिची कागदपत्रांची लढाई कुणाला दिसत नाही. फौजेत जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने व्हावी लागते. ती झाली नसेल, तर त्याच्या माघारी बायकोला आपण बायको असल्याचंच सिद्ध करत बसावं लागतं. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. पलटणीच्या नोंदीत एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आधारकार्डावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. एकाच बाईच्या तीन बाया होतात आणि तिन्ही खिडक्यांवर तिला सांगतात, ‘ही तुम्ही नाही.’

खटाव तालुक्यातल्या एका वीरपत्नीची गोष्ट सांगते. तिचं वय तेव्हा चाळिशीच्या आत होतं. दोन मुलं. पेन्शन बँकेत जमा होत होती आणि दीर पैसे काढण्याच्या स्लिपवर तिची सही घेऊन जात होता. घरखर्चाला लागतील तेवढे पैसे तो हातावर ठेवायचा. दीर वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. घराची रीतच तशी होती आणि ती त्याने चालवली. गटाच्या बैठकीला ती भिंतीला टेकून बसायची, बोलायची नाही. एकदा सगळ्या गेल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, ‘ताई, माज्या नावावर म्हैन्याला किती येत्यात, तेवडंच वाचून दावा.’

मी वाचून दाखवलं नाही. पासबुक मागून आण, म्हटलं, तूच वाचशील. ते आणायलाच तिला पुढची बैठक लागली. ती चौथी शिकलेली, मराठी अक्षर ओळखायची. पासबुक होतं इंग्रजीत. आम्ही इंग्रजी शब्दांवर कागदाची पट्टी धरली आणि फक्त आकडे उघडे ठेवले. हा पहिला रकाना तारखेचा. हा पैसे गेल्याचा, हा आल्याचा, हा शेवटचा शिलकीचा. महिनाअखेरीला जो मोठा आकडा ‘आल्याच्या’ रकान्यात दिसतो, ती पेन्शन. तिने बोट ठेवत ठेवत वर्षभराच्या ओळी काढल्या आणि प्रत्येक पेन्शनपुढे पेन्सिलीने फुली केली. एका ओळीपाशी बोट थांबलं. तिथे महागाई भत्त्याची थकबाकी जमा झाली होती आणि दोनच दिवसांनी सगळी काढली गेली होती. तिला ती रक्कम माहीतच नव्हती. ती रडली नाही, ओरडली नाही. पट्टी पुन्हा वरच्या ओळीवर नेली आणि पहिल्यापासून वाचायला लागली. पुढच्या महिन्यापासून ती स्वतः बँकेत जाऊ लागली. सोबत गटातल्या दोघी. घरी चार दिवस अबोला राहिला, मग तोही मिटला. तिने त्या पैशातून काय केलं असं लोक मला विचारतात. मुलीला साताऱ्याला कॉलेजला ठेवली, एवढं सांगता येईल. पण ते नसतं केलं, नुसतं पासबुक स्वतःच्या ट्रंकेत ठेवलं असतं, तरी माझ्या लेखी काम झालं होतं.

विधवेच्या पैशावर घराचा किती डोळा असतो हे सरकारी नियमांतही उतरलेलं होतं. शौर्यपदकासोबत मिळणारा भत्ता पदकविजेत्याच्या विधवेने पुन्हा लग्न केलं तर बंद व्हायचा. दिवंगत नवऱ्याच्या भावाशी, म्हणजे दिराशी, लग्न केलं तरच चालू राहायचा. ही अट २०१७ साली काढली. तोवर ती कागदावर होती, आणि आमच्या भागातल्या बायकांना ती तोंडपाठ होती, कारण घरातली मोठी माणसं त्यांना ती ऐकवत होती. ज्यांनी ही अट लिहिली त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, याची मला आजही चीड येते.

१९७१ चं युद्ध आठवलं की मला दोन गोष्टी एकदम दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, त्या डिसेंबरात आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली. इथल्या घरांमध्ये त्या लढाईचं नाव आदराने घेतलं जातं. आणि त्याच युद्धाच्या राखेतून, त्याच देशात, गरीब बायकांच्या पतपुरवठ्याचं आधुनिक काम उभं राहिलं. फझले हसन आबेद १९७२ साली सिल्हेट भागातल्या सुल्ल्यात निर्वासितांची घरं पुन्हा उभी करायला गेले आणि तिथून ब्रॅक ही संस्था वाढली. १९७४ च्या दुष्काळानंतर मुहम्मद युनूस यांनी चितगावजवळच्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून ८५६ टाका उसने दिले, ती ग्रामीण बँकेची सुरुवात. जगाने युनूस यांची गोष्ट जास्त ऐकली. मला आबेद यांची जास्त जवळची वाटते, कारण ब्रॅकने आरोग्य, प्रौढांचे वर्ग, पोरांच्या शाळा आणि कर्ज एकमेकांपासून तोडलं नाही. ज्या युद्धात आपल्या बायका विधवा झाल्या, त्याच युद्धातून उठलेल्या देशाने बायकांच्या हाती पैसा देण्याची रीत दाखवली, हे मी प्रशिक्षणात आवर्जून सांगते. ऐकताना बायका गप्प होतात. एकदा एक आजी म्हणाली, ‘म्हंजी तिकडच्या बायांचं पन आमच्यावानीच की.’

आपल्याकडे नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला. आमचे गट त्या वाटेनेच चालले. दहा ते वीस बायका, महिन्याची ठरलेली बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर परतफेड, वही चोख. सांगायला सोपं. माणमध्ये बैठक व्हायची रात्री, धारा काढून, भाकरी थापून, घरातली पुरुषमाणसं जेवल्यावर. लोखंडी पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. हा नियम बायकांनी अविश्वासापोटी केला नाही. एकीच्या घरात तिन्ही गोष्टी असल्या तर तिच्या घरचा माणूस दारू पिऊन हात घालील, ही भीती होती, आणि ती खरी होती.

व्याजाचा धडा मी चिंचोक्यांवर घेते. एका गावातल्या सावकाराचं उदाहरण बायकांनीच दिलं: दहा हजार रुपये, शेकडा दोन रुपये महिना, दहा हप्ते. हप्ता बाराशेचा, त्यात हजार मुद्दल, दोनशे व्याज. ‘स्वस्तच हाय की’ असं सगळ्यांचं मत. मग दहा चिंचोके ओळीने मांडले, एक चिंचोका म्हणजे एक हजार. पहिल्या महिन्यात दहा चिंचोक्यांचं व्याज दोनशे, बरोबर. हजार फेडले, एक चिंचोका बाजूला. आता सावकाराचे आपल्याकडे किती? नऊ. मग व्याज नवांचं की दहांचं? इथे बैठकीत कुजबुज सुरू होते. नवांचं एकशे ऐंशी. आठांचं एकशे साठ. असं करत शेवटचा चिंचोका उरतो, त्याचं वीस. सगळं मिळून ११०० होतात, आणि सावकार घेतो २०००. ज्या बाईने उदाहरण दिलं होतं ती चिंचोक्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘मंग ह्ये नऊशे कशाचं घेतोय त्यो?’ दीडशे रुपये रोजाने ती सहा दिवसांची खुरपणी होती. तिने हे कुणालाही न विचारता, बोटांवर, क्षणात काढलं. या बायकांना गणित येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाजारात त्यांना शेळीचा सौदा करताना पाहावं.

हे म्हसवडच्या बायकांनी तर रिझर्व्ह बँकेला दाखवून दिलं. चेतना सिन्हा मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून घडलेल्या आणि लग्नानंतर म्हसवडला येऊन राहिलेल्या. रस्त्याकडेला वेल्डिंगचं काम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याच्या आत झोपडीवर घालायला प्लॅस्टिक घ्यायचं म्हणून तिला रोजचे थोडे पैसे बँकेत ठेवायचे होते आणि बँका तिचं खातं उघडत नव्हत्या. रक्कम फार लहान. तिथून बायकांचीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. बायकांनी रात्रीचे वर्ग सुरू केले, काही महिन्यांनी पुन्हा मुंबई गाठली आणि अधिकाऱ्यांना सांगितलं, मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो; तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. ही गोष्ट मी गटांत सांगते तेव्हा एक मुद्दा सुटू देत नाही. त्या बायका शाळेत गेल्या नाहीत याचा दोष त्यांच्यावर लावून दार बंद केलं होतं, आणि त्यांनी ते दार शिकूनच उघडलं. अक्षर आणि पैसा त्यांनी वेगळे धरले नाहीत.

त्या बँकेने पुढे जे केलं त्यातली एक बाब मला फार मोलाची वाटते. बायका म्हणाल्या, पासबुक घरात ठेवायला नको, नवरा शिल्लक बघतो आणि पैसे मागतो. बँकेने त्यावर उपाय काढले, बाजाराच्या ठिकाणी, दाराशी जाऊन पैसे घेण्याची सोय केली. माझ्या खटावच्या वीरपत्नीला पासबुक हाती हवं होतं आणि म्हसवडच्या भाजीवालीला ते घरात नको होतं. दोघींचं म्हणणं एकच होतं: माझ्या पैशावर नजर कुणाची असेल ते मी ठरवीन. पुढे माणदेशीने बायकांसाठी उद्योगाची शाळा काढली, ती बसमधून गावोगाव फिरवली, ‘माणदेशी तरंग’ हे रेडिओ केंद्र चालवलं. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी केली. त्या उन्हाळ्यात मी छावण्या पाहिल्या आहेत. खिलार बैल, म्हशी, आणि त्यांच्या पायाशी चुली मांडून राहिलेली घरंच्या घरं. जनावर विकलं असतं तर चार दिवस निभलं असतं आणि मग वर्षानुवर्षं कर्ज. कर्जफेडीची शिस्त शिकवणाऱ्यांनी हेही पाहिलं पाहिजे की दुष्काळात बाईचं भांडवल जिवंत ठेवणं हेच सगळ्यात मोठं कर्जवाटप असतं.

सांगलीकडे वळले की मला इंदुमती पाटणकर आठवतात. कराड तालुक्यातल्या इंदोलीच्या, लहान वयात स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या, प्रतिसरकारच्या भूमिगतांसाठी काम केलेल्या. पती बाबूजी पाटणकर यांचा १९५२ साली खून झाला. त्यांनी कासेगावात शिक्षिकेची नोकरी करून मुलाला वाढवलं आणि पुढे स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत परित्यक्तांच्या प्रश्नावर झोकून दिलं. नवऱ्याने टाकलेली बाई ना विधवा, ना सवाष्ण. तिला पेन्शन नाही, रेशनकार्डावर नाव नाही, माहेरच्या घरात कोपरा नाही. वाळवा तालुक्यातल्या बहे गावात अशा बायकांना कसायला जमिनीचा तुकडा मिळावा म्हणून लढा झाला. स्वातंत्र्याची लढाई लढलेली बाई पुढचं सगळं आयुष्य बायकांना कार्ड, छप्पर आणि अर्धा एकर मिळावा म्हणून लढते, यात मला एकच सलग रेघ दिसते.

खानापूर-आटपाडीत १९८२ च्या गिरणी संपानंतर पुरुष मोठ्या संख्येने घरी परतले. गलाईवाले मात्र दूरच राहिले; वर्षातून जत्रेला येणार, पैसे पाठवणार. तिथल्या गटांत मला अशा बायका भेटल्या ज्यांच्या घराला दोन मजले होते आणि हातात शंभर रुपये स्वतःचे नव्हते. गरिबीची यादी करणाऱ्या सर्वेक्षणात त्या कधीच येत नाहीत. त्यांना मी गटात घ्यायचा आग्रह धरला, त्यावर वरिष्ठांशी वादही झाले.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत गावात दुसरीच मंडळी आली. खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांचे वसुली अधिकारी, मोटारसायकलवर, सकाळी सात-आठला, बायका कामाला जायच्या आत. इथेही गट होता, हमी होती, बैठक होती. फक्त बचत नव्हती आणि शिकवणं नव्हतं. सही केली की तीस हजार हातात, हप्ता पंधरवड्याला. एकीने भरला नाही तर बाकीच्यांनी भरायचा. आमच्या गटांतल्या बायकांनी तिथूनही उचल केली, एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून, दुसरीचा भरायला तिसरीकडून. आटपाडी तालुक्यातल्या एका बाईच्या घरी मी चार कंपन्यांची कार्डं पाहिली, देवाच्या फोटोमागे खोचलेली. चारही कार्डांवर हप्त्याच्या तारखा वेगळ्या, आणि तिची कमाई एकच, शेळीच्या दुधाची आणि खुरपणीची. वसुलीला आलेल्या एका कंपनीच्या माणसाने तिला, गटातल्या बाकीच्या बायका इथेच बसतील, हप्ता मिळेस्तोवर कुणी उठायचं नाही, असं सुनावलं. ज्या एकोप्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं गावात बसलो, तोच एकोपा तिथे बाईच्या मानेवर ठेवला होता. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा महापूर आला, सांगलीची घरं, दुकानं, गोठे पाण्यात गेले. पाणी ओसरलं तशी वसुली सुरू झाली. त्यानंतर या पट्ट्यात मायक्रोफायनान्सच्या कर्जमाफीसाठी बायका रस्त्यावर आल्या, त्या उगीच नाही.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला: वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं कर्ज देताना सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. नियम चांगला आहे. पण बाईचं उत्पन्न किती, हे फॉर्मवर लिहितो कोण? कर्ज विकायला आलेला माणूस. म्हणून आमच्या बैठकीत आता एक नवीन सराव असतो. बाईने आपल्या घरची वर्षाची आवक स्वतः मांडायची: ज्वारी, बाजरी, दूध, शेळी, रोजगार, पेन्शन असेल तर पेन्शन. बारा महिन्यांचे बारा रकाने. उन्हाळ्याचे दोन-तीन रकाने माणमध्ये जवळपास रिकामे राहतात, आणि त्या रिकाम्या रकान्यांतही हप्ता येणारच आहे हे तिला कर्ज घ्यायच्या आधी दिसतं. कंपन्या हे दाखवत नाहीत. खरं सांगायचं तर सरकारी योजनाही दाखवत नाहीत. आमच्यावरही उद्दिष्टं असतात, अमुक गट, अमुक कोटी कर्जवाटप, आणि त्या आकड्यांत बाई काय शिकली याला रकानाच नसतो. सभेला गर्दी हवी असली की मात्र बचत गटांच्या बायकांची पहिली आठवण होते. ट्रॅक्टर पाठवतात, फेटे बांधतात. बायका आता विचारतात, रोज बुडाला त्याचं काय? त्यांनी विचारावं म्हणूनच आम्ही इतकी वर्षं बसलो.

सध्या आमचं लक्ष जतवर आहे. दिवाळीच्या सुमारास तिथून आणि माणमधूनही जोडपी ऊसतोडीला कारखान्यांकडे जातात. जोडीला कोयता म्हणतात आणि कोयत्यावर मुकादम उचल देतो. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा. ऊस तोडायला, मोळी बांधायला, डोक्यावरून गाडीत भरायला बाई निम्म्याहून जास्त राबते, पहाटे उठून भाकऱ्या थापून वर. हंगाम संपून परत आल्यावर ‘अजून उचल फिटली नाही, पुढच्या साली या’ असं मुकादम सांगतो आणि ते खरं की खोटं हे तपासायला तिच्याकडे काहीच नसतं. मे महिन्यात एका वस्तीवर बैठक घेतली तेव्हा एका तरण्या बाईने विचारलं, ‘माजं किती टन झालं, त्ये कुनाकडं लिवलेलं असतंय का?’ नवरा शेजारीच बसला होता. त्याने मान हलवली, नाही म्हणून.

त्या बैठकीतून एक छोटी वही निघाली आहे, कमरेच्या पिशवीत मावेल एवढी. अक्षर न येणारीलाही भरता यावी म्हणून आठवड्याच्या वारांची चित्रं आहेत, खेपांसाठी उभ्या रेघा मारायच्या आहेत. टन कारखान्याच्या पावतीवरून मुलांनी किंवा टोळीतल्या शिकलेल्या पोरीने लिहायचे. दर, मिळालेली उचल, कापलेली उचल, दवाखान्याला मागितलेले पैसे, सगळ्याला जागा. वरती दोन नावं, नवऱ्याचं आणि बायकोचं. काही नवऱ्यांनी ती वही हातात घेऊन बघितली आणि आम्हालाही एक द्या म्हणाले. दसऱ्याच्या आधी, मुकादम उचल वाटायला येतात त्याच्या आत, जतच्या आणखी काही वस्त्यांवर हा वर्ग घ्यायचा आहे. सध्या चिंचोके साठवणं चाललंय.